वेरूळ ऊर्फ एलोरा

दुसऱ्याच्या लिहिण्यांत चूक दिसली कीं आमचा हात आपोआप लेखणीकडे जातो. तीस वर्षें इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासण्यांत गेल्यामुळें ही खोड आतां हाडांत मुरली आहे. उपाहारगृहांत गेलों तर तेथील यादी आम्ही प्रथम वाचतों ती पदार्थ निवडण्यासाठीं नव्हे, तर चुका मोजण्यासाठीं. आणि लग्नाची निमंत्रणपत्रिका हातीं आली तर वधूवरांच्या नांवांआधीं 'आशीर्वाद' ह्या शब्दांतला रफार योग्य अक्षरावर बसला आहे कीं नाहीं, हें पाहतों. घरच्या मंडळींनीं ह्या संवयीला पुष्कळ नांवें ठेविलीं. आम्ही मात्र तिला आजवर गुणच समजत आलों होतों. ह्या गुणापायीं एका शेतकरी कुटुंबाचें व त्याच्या शेजाऱ्यांचें सुमारें आठ टन आलें परक्या बंदरावर कुजून गेलें, ती हकीकत येथें सांगावयाची आहे.

वेरूळ हें गांव लेण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. पण खुलताबाद, कन्नड व फुलंब्री ह्या तालुक्यांच्या जमिनींत आलें फार चांगलें पिकतें, ही गोष्ट लेणीं पाहून परत जाणाऱ्या प्रवाशास सहसा ठाऊक नसते. आमचा एक जुना विद्यार्थी ह्या वेरूळचा. पदवी घेतल्यावर शहरांत चाकरी शोधण्याऐवजीं तो वडिलांच्या शेतावर परत गेला, आणि प्रथम घरचें व मग आसपासच्या दहाबारा शेतकऱ्यांचें आलें एकत्र करून परदेशीं धाडूं लागला. परीक्षेंत इंग्रजीनें त्याला फारसा हात दिला नव्हता. परंतु आतां त्याचा सगळा व्यवहार त्याच भाषेंत चाले, आणि म्हणून एके दिवशीं संध्याकाळीं तो फाइल घेऊन आमच्या घरीं आला. फाइल दोन बोटें जाड होती. "सर, आलं पेटींत मावतं," तो म्हणाला, "हे कागद मात्र मावत नाहींत. एकदां नजर टाका."

माल परदेशीं पाठविणें म्हणजे तो पेट्यांत भरून जहाजावर चढविणें, अशी आमची भाबडी समजूत होती. त्या फाइलीनें ती दूर केली. जुन्या काळीं सरदाराची स्वारी निघाली म्हणजे पुढें भालदार-चोपदार चालत. तशी आल्याच्या स्वारीपुढें कागदांची रांग चालते. मालाची किंमत सांगणारें बीजक. कोणत्या पेटींत किती किलो भरले तें सांगणारी यादी. माल ह्याच देशांत निपजला असें व्यापारी मंडळानें शिक्क्यानिशीं सांगणारा उत्पत्तीचा दाखला. मालांत कीड अथवा रोग नाहीं असें सरकारी तज्ज्ञानें सांगणारा वनस्पति-आरोग्याचा दाखला, ज्याचा नमुना १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिसंरक्षण करारानें जगभर एक केला. आणि माल जहाजावर चढल्याचें सांगणारें बिल ऑफ लेडिंग, जें ज्याच्या हातीं त्याच्या हातीं माल. ज्या देशास हें आलें निघालें होतें तेथील नियम ह्याहूनही कडक होते. बीजक त्या देशाच्या वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावें लागे, त्याच्या अनेक प्रती लागत, आणि बंदरावरील कस्टमचा अधिकारी प्रत्येक कागद दुसऱ्या प्रत्येक कागदाशीं ताडून पाही. त्या देशाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. असे देश एकाहून अधिक आहेत, आणि आपला देशही पुष्कळ काळ त्यांच्याच पंक्तीस बसलेला होता.

विद्यार्थ्याला एकच भीति होती, आणि ती जिल्ह्याच्या नांवाची. २०२३ सालीं औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. त्याच्या जुन्या परवान्यावर एक नांव व नव्या कागदांवर दुसरें, असा घोटाळा होऊं नये म्हणून त्यानें कित्येक हेलपाटे घालून प्रत्येक नोंद बदलून घेतली होती. "जिल्ह्याचं काम पक्कं झालं, सर," तो समाधानानें म्हणाला. आम्ही लाल शाईची लेखणी घेऊन बसलों. विरामचिन्हें सुधारलीं, एक क्रियापद नीट केलें. मग बीजकावरील उत्पत्तिस्थानाच्या रकान्यांत रोमन अक्षरांत लिहिलेलें 'वेरूळ' दिसलें, आणि आमच्यांतला प्राध्यापक जागा झाला.

"अरे, हें नांव तिकडे कोणाला कळणार?" आम्हीं विचारलें. "सारें जग ह्या गांवाला एलोरा म्हणून ओळखतें. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादींत तें एलोरा म्हणूनच आहे. एलोरा लिही, वाचणाऱ्याला तुझ्या आल्याबद्दलही आदर वाटेल."

तो थोडा घुटमळला. "पण सर, पेट्यांच्या यादीवर वेरूळ छापून झालं आहे. शेताच्या नोंदणींत वेरूळ आहे, म्हणजे आरोग्याच्या दाखल्यावरही वेरूळच येणार."

"मग काय झालें? दोन्ही एकच," आम्हीं म्हटलें, आणि एका रेघेनें वेरूळ खोडून वर एलोरा लिहिलें.

आमच्या आयुष्यांत आम्हीं उच्चारलेल्या असंख्य वाक्यांपैकीं हें एक पूर्णपणें खरें वाक्य होतें. वेरूळ व एलोरा हीं दोन्ही एकच आहेत, ह्याविषयीं कोणत्याही शहाण्या माणसास शंका असूं नये. विद्यार्थी गुरूचा शब्द मानणारा होता. त्यानें बीजक पुन्हां टंकून घेतलें, वकिलातीचा शिक्का मिळविला, आणि सुमारें पंचवीस टन आलें भरलेला थंड पेटारा न्हावाशेवा बंदरांतून जहाजावर चढला.

जहाज वेळेवर पोहोंचलें. पेटारा मात्र बंदरावर अडकला. तिकडच्या क्लिअरिंग एजंटाचा ई-मेल आला तो असा कीं, बीजकावरून माल एलोरा येथील दिसतो. वनस्पति-आरोग्याचा दाखला मात्र वेरूळ येथील मालाचा आहे. तेव्हां जो माल आला त्याला आरोग्याचा दाखला नाहीं, व ज्याला दाखला आहे तो माल आलेला नाहीं. दोन्ही कागदांवर मालाचें शास्त्रीय लॅटिन नांव अक्षरशः एकच होतें. पण रोपाच्या नांवाची एकवाक्यता गांवाच्या नांवाच्या भेदाला पुरी पडली नाहीं. रागाच्या भरांत आम्ही 'मूर्खपणा' असें ओरडलों. नंतर तो ई-मेल पुन्हां वाचला, आणि त्यांतील तर्कांत कोठें दोष काढावा हें कळेना. जो माणूस आपल्या देशांत कधीं आला नाहीं, ज्यानें लेणीं पाहिलीं नाहींत, आणि ज्याच्यावर परक्या भूमींतला रोग आंत येऊं न देण्याची जबाबदारी आहे, त्याच्यापुढें दोन नांवें होतीं. तीं एकाच गांवाचीं आहेत हें ज्ञान आमच्या डोक्यांत होतें. कागदावर तें कोठेंच नव्हतें.

आल्याचा स्वभाव धीराचा नाहीं. साधारण १२-१३ अंश उष्णतामानांत तें कांहीं आठवडे चांगलें राहतें. त्याहून गार केलें तर काळवंडतें, आणि ऊब मिळाली कीं त्यास कोंब फुटतात. दमटपणांत बुरशी धरते ती निराळीच. पेटारा अडकला कीं बंदरावर जागेचें भाडें चढतें, पेटाऱ्याचें भाडें चढतें, आणि तो थंड ठेवण्यासाठीं लागणाऱ्या विजेचेंही भाडें चढतें. विद्यार्थ्यानें कोठूनसें शोधून काढलें कीं, जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभ करण्याचा करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलांत आहे, आणि नाशवंत माल शक्य तितक्या थोड्या वेळांत मोकळा करावा असें त्यांत कलम आहे. एजंटानें उत्तर पाठविलें कीं, कलम आहे हें खरें. पण सर्व अटी पुऱ्या झाल्या असतील तर, असेंही त्याच कलमांत आहे.

मग आम्ही प्रायश्चित्तास बसलों. वेरूळ म्हणजेच एलोरा हें सिद्ध करणारें एक पत्र आम्हीं इंग्रजींत लिहिलें. तें दोन पानांचें होतें, आणि खरें सांगावयाचें तर तें आम्हांला फार आवडलें होतें. त्यांत आम्हीं बडोद्याच्या ताम्रपटाचा आधार दिला. कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्यानें आठव्या शतकांत कोरविलें असें आपण म्हणतों. पण हें सांगणारा लेख प्रत्यक्ष कैलासांत नाहीं. तो आहे बडोद्यास सांपडलेल्या, कर्क राजाच्या शके ७३४ च्या ताम्रपटांत. तेथें म्हटलें आहे कीं, कृष्णराजानें एलापूर येथें असें देवालय करविलें कीं देवांना तें पाहून आश्चर्य वाटलें, आणि खुद्द शिल्पकारालाही आपण हें कसें केलें ह्याचा उलगडा होईना. हें एलापूर म्हणजे वेरूळ व तें देवालय म्हणजे कैलास, असें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं प्रतिपादिलें. असें हें पत्र विद्यार्थ्यानें श्रद्धेनें पाठविलें. दुसऱ्या दिवशीं एजंटाचें उत्तर आलें: कृपा करून हें पत्र परत घ्या, ह्यांत एलापूर असें तिसरें नांव आलें आहे.

त्या आठवड्यांत एका रविवारीं आम्ही वेरुळास गेलों. जाऊन कांहीं उपयोग होता असें नव्हे. पण ज्याचें नुकसान आपण केलें त्याच्या दारांत उभें राहणें हें आपलें काम आहे, असें वाटलें. विद्यार्थ्याचे वडील ओट्यावर बसले होते. आम्हीं क्षमा मागावयास तोंड उघडलें तों त्यांनींच हात धरून आम्हांला बसविलें. "गुरुजी, आलं नऊ महिने जमिनींत राहतं तेव्हां आपण रोज उकरून बघतों का?" ते म्हणाले. "चहा घ्या आधीं." त्या चहांत आलें होतें, आणि तो घोट आमच्या घशाखालीं सहज उतरला नाहीं. ते पुढें कांहीं बोलले नाहींत. पण घरांत शेजारचे दोन शेतकरी येऊन नुसते बसून गेले, आणि कांहींच न विचारतां गेले. त्यांचाही माल त्या पेटाऱ्यांत होता.

ऊन उतरल्यावर विद्यार्थी आम्हांला कैलासाच्या वरच्या कड्यावर घेऊन गेला. खालून पाहणारास कैलास बांधलेला वाटतो. वरून पाहिलें म्हणजे तो उतरत उतरत कोरलेला आहे हें ध्यानांत येतें. शिखर आधीं, पाया शेवटीं. येथें खोडून वर लिहिण्याची सोय नव्हती. आमच्या मनांत मात्र बडोद्याच्या ताम्रपटाचाच विचार घोळत होता. माल वेरुळांत, कागद बडोद्यास, आणि दोन्हींवरचीं नांवें निराळीं! भांडारकरांनीं तीं जुळवून दिलीं नसतीं, तर कैलास जागचा हलला नसता हें खरें. पण कृष्णराजाचें नांव त्याच्या दारीं पोहोंचावयास अधिक काळ लागला असता. ज्या कामाला आम्ही विद्वत्ता म्हणून नमस्कार करतों तें काम, आणि ज्याला त्या दिवसापर्यंत आम्ही अडवणूक म्हणून शिव्या देत होतों तें काम, ह्यांत कागद ताडून पाहण्याची क्रिया एकच होती. भांडारकरांच्या हातीं मात्र नाशवंत माल नव्हता.

कड्यावरून कन्नडकडे जाणारा रस्ता दिसतो. तोच पुढें घाट उतरून चाळीसगांवास जातो. तो पाहून आम्हांला आजोबांची आठवण झाली. आमचे आजोबा चाळीसगांवास कापडाचे लहानसे व्यापारी होते. चाळीसगांव इंग्रजी मुलुखांत, आणि घाटाच्या वरचें कन्नड-वेरूळ निजामाच्या राज्यांत. त्यामुळें ह्या वीस-पंचवीस कोसांच्या वाटेंत त्यांचा माल परदेशीं जात असे. वेरुळाला हें परदेशीं जाणें-येणें नवें नव्हतें. होळकरांकडून तें १८१८ नंतर इंग्रजांकडे गेलें व १८२२ च्या तहानें इंग्रजांकडून निजामाकडे. गांव जागच्या जागीं राहून सरहद्दी ओलांडीत होतें. निजामाशीं १८०२ सालीं झालेल्या व्यापारी तहानें शेंकडा ५ जकात ठरली होती, आणि ती घेणारें निजामाचें खातें 'करोडगिरी' ह्या नांवानें मराठवाड्यांत घरोघर माहीत होतें. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांत लोकांनीं ज्यांच्यावर हल्ले चढविले त्यांत हे करोडगिरीचे नाकेही होते. संस्थान सप्टेंबर १९४८ मध्यें भारतांत सामील झालें. तरी अशा राज्यांनीं आपल्या सरहद्दीवरची जकात कांहीं वर्षें चालूं ठेवावी अशी सोय १९५० च्या घटनेंत ३०६ व्या कलमानें होती, आणि तें कलम १९५६ सालीं गेलें.

वडील सांगत ती गोष्ट अशी. नाक्यावर आजोबांच्या गाडीपाशीं तीन कागद असत. कापडाचें बीजक मोडींत, त्यावर शक व तिथि. रेल्वेची पावती इंग्रजींत, तिच्यावर इसवी तारीख. आणि नाक्यावरची चिठ्ठी उर्दूंत, तिच्यावर फसली सन व आजूर, दै, बहमन असे महिने. किंमतही दोन नाण्यांत, कारण सहा कलदार रुपयांचे सात हाली होत. एकदां बीजकाची तिथि व रेल्वेची तारीख ह्यांचा मेळ कारकुनाला बसेना. हा एकच माल कीं दोन, असा त्याला संशय आला, आणि गाडी दोन रात्री नाक्यावर उभी राहिली. आजोबांनीं त्या दोन रात्री भांडण्यांत घालविल्या नाहींत. त्याच कारकुनाकडून ते उर्दू आंकडे शिकले. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक कागदावर तीन कोपऱ्यांत तीन सन, आणि गठ्ठ्यांचा आंकडा तीन लिप्यांत, असें लिहिलेलें असे. असा एक कागद आमच्या घरच्या ट्रंकेंत अजून आहे. लहानपणीं आम्ही भावंडें त्याला हंसत असूं. एवढ्याशा चिठ्ठींत तेंच तें तीनदां लिहिणारा माणूस आम्हांला विनोदी वाटे. पुढें आम्ही इंग्रजी शिकलों, पुनरुक्ति हा लेखनाचा दोष आहे असें परीक्षेच्या उत्तरांत लिहून गुण मिळविले, आणि तीस वर्षें तेंच मुलांना शिकविलें.

वस्तुतः आजोबांच्या पिढीच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट नवी नव्हती. जुनी हुंडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस आठवेल कीं, तिच्यांत रुपये शंभर एवढेंच लिहून भागत नसे. ज्यांचे निमे पन्नास, त्यांचे दुप्पट, असें लिहीत. हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि पेठही गहाळ झाली तर परपेठ लिहिली जाई. आम्ही ह्यास पाल्हाळ म्हटलें असतें. परंतु शेंकडों कोसांवर बसलेला सराफ ज्याला लिहिणारा दिसत नाहीं, त्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, त्याच्यापाशीं विश्वास ठेवण्यास दुसरें साधन कोणतें? एक वाक्य खोटें असूं शकतें. पन्नास व शंभर हीं एकमेकांस साक्ष देतात, म्हणून तो पैसे मोजतो.

वेरुळाहून परतल्यावर आम्हीं ह्या विषयावरचीं पुस्तकें चाळलीं, आणि तेथें आमच्याच विषयांतला एक खटला भेटला. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत लंडनच्या डॉसन नांवाच्या व्यापारी पेढीनें बटाव्हियाहून व्हॅनिलाच्या शेंगा मागविल्या, आणि तज्ज्ञांचा दाखला पाहून विक्रेत्यास पैसे द्यावेत असें बँकेस सांगितलें. तारेच्या सांकेतिक भाषेंत 'तज्ज्ञ' ह्या शब्दाचें अनेकवचन वाटेंत हरवलें. एकाच तज्ज्ञाचा दाखला आला, बँकेनें पैसे दिले. आणि पेट्या उघडल्यावर त्यांत बहुतेक काटक्या, दगड व मोडकें लोखंड निघालें. भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलें. पैसे बँकेस परत मिळावयाचे नाहींत, असा निकाल झाला; आणि जवळजवळ तसाच कागद किंवा तितकाच उपयोगी पडणारा कागद ह्या व्यवहारांत चालत नाहीं, अशा अर्थाचा लॉर्ड सम्नर ह्यांचा अभिप्राय तेव्हांपासून जगभरच्या बँकांचें सूत्र होऊन बसला. व्याकरणांतला एकवचन-अनेकवचनाचा भेद आम्हीं मुलांना किती वेळां शिकविला असेल! त्यावर कोणाची पेढी बुडते किंवा तरते, असें मात्र कधीं मनांतही आलें नव्हतें. बँका मालाचा व्यवहार करीत नाहींत, कागदांचा करतात. २००७ पासून अमलांत असलेल्या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हें तत्त्व आहे. मालापेक्षां कागद थोर मानणारी ही रीत आम्हांला आजही रुचत नाहीं. पण त्या व्हॅनिलाच्या पेट्या आठवल्या म्हणजे कागद ताडणाऱ्या त्या दूरच्या अधिकाऱ्यास मूर्ख म्हणण्याचें धैर्य होत नाहीं.

अखेर सुटका झाली ती आमच्या विद्वत्तेनें नव्हे. विद्यार्थ्यानें नवें बीजक केलें, त्यांत उत्पत्तिस्थान पुन्हां वेरूळ असें लिहिलें, व्यापारी मंडळाचा व वकिलातीचा शिक्का पुन्हां मिळविला, आणि मूळ कागद कुरियरनें रवाना केले. पेटारा अडकल्यापासून एकोणिसाव्या दिवशीं सुटला. उघडला तेव्हां एक तृतीयांश माल बुरशीनें व कोंबांनीं गेलेला होता. ग्राहकानें तेवढे पैसे कापले. भाडें व वीज ह्यांचा खर्च निराळा. विद्यार्थ्यानें शेजाऱ्यांस ठरलेला भाव पुरता दिला आणि तूट स्वतःच्या वांट्यास घेतली. आम्हीं तींतला कांहीं भाग उचलण्याचें सुचविलें, तर तो संकोचानें म्हणाला, "सर, बीजकावर सही माझी होती." आम्ही निरुत्तर झालों. विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर त्याचे गुण आम्ही कापीत असूं. आमच्या हातून झालेल्या चुकीचे गुणही त्याचेच कापले गेले.

ह्या प्रकरणाचा आम्हीं पुष्कळ विचार केला. आमची सुधारणा चुकीची होती काय? नव्हती. एलोरा हें नांव खोटें नाहीं. उलट जगाच्या दृष्टीनें तेंच अधिक खरें. चूक होती ती 'दोन्ही एकच' ह्या वाक्यांत, कारण तें आम्हीं स्वतःशीं म्हटलें आणि ज्याला तें कळावयास हवें होतें त्याला कळविलें नाहीं. आजोबांनीं बहुधा बीजकावर लिहिलें असतें: वेरूळ, ऊर्फ एलोरा, आणि तेंच इतर सर्व कागदांवर. त्यांस आमच्याइतकें इंग्रजी येत नव्हतें, परंतु आपल्याला जें उघड दिसतें तें नाक्यापलीकडच्या माणसाला दिसत नाहीं, हें त्यांस ठाऊक होतें. शुद्ध लिहिणें हा आपला आपल्याशीं असलेला धर्म आहे. परक्या माणसाला ताडून पाहतां येईल असें लिहिणें हा दुसरा. हे दोन्ही एकच, असें आम्ही समजत होतों.

म्हणून त्या बंदरावरची दिरंगाई आम्हांला मान्य झाली असें मात्र कोणी समजूं नये. एका दूरध्वनीनें मिटणारी शंका मिटविण्यास एकोणीस दिवस लागावेत, आणि तेवढ्यांत नऊ महिन्यांचें पीक जावें, ही व्यवस्था सुधारली पाहिजे व ती सुधारतां येते. आपल्याकडे १ जुलै २०१७ रोजीं नवी करपद्धति आल्यावर राज्याराज्यांच्या सरहद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले, आणि चाळीसगांवाहून कन्नडास जाणारी मालगाडी आतां करासाठीं घाटांत थांबत नाहीं. एवढ्यासाठीं दीड शतकांहून अधिक काळ जावा लागला.

यंदाच्या हंगामांत तो विद्यार्थी पुन्हां फाइल घेऊन आला. तो येईल असें आम्हांला वाटलें नव्हतें. "सर, एकदां नजर टाका," तो पूर्वीसारखाच म्हणाला, आणि त्यानें फाइल मेजावर ठेवली. आम्हीं ह्या खेपेस लाल शाईची लेखणी खणांत ठेवली व सहाही कागद शेजारीं शेजारीं मांडले. उत्पत्तिस्थानाच्या रकान्यांत सर्वत्र 'वेरूळ ऊर्फ एलोरा' असें होतें. मग ग्राहकाच्या पत्त्यांत रस्त्याच्या नांवांतलें एक अक्षर अधिक पडलेलें दिसलें. चूक ढळढळीत होती. हात उचलला गेला. बीजक पाहिलें, यादी पाहिली, दोन्ही दाखले, बिल ऑफ लेडिंगचा मसुदा व विम्याचा कागद पाहिला. सहाही कागदांवर तें अक्षर तसेंच अधिक होतें.

"हें तूं लिहिलेंस?" आम्हीं विचारलें.

"नाहीं सर. ग्राहकाच्या परवान्यावरच तसं आहे."

आम्हीं फाइल बंद करून त्याच्या हातीं दिली. त्या रात्रीं तें अधिकचें अक्षर बराच वेळ डोळ्यांपुढें येत राहिलें, आणि झोंप उशिरां लागली. माल मात्र चौथ्या दिवशीं सुटला.